सोनेरी रंगाच्या डब्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. सोनेरी रंगाचा डबा,
भांडार विभाग, नगर परिषद (कोणतीही चालेल),
जि. यवतमाळ.

विषय : सार्वजनिक पुतळ्यांच्या देखभालीतील आपल्या अखंड सेवेबद्दल अभिनंदन.

महोदय,

मुख्याधिकाऱ्यांची बदली होते, नगराध्यक्षांची मुदत संपते, प्रशासक येतात आणि जातात. चौकातल्या पुतळ्यापाशी दरवर्षी न चुकता पोहोचता ते एकटे आपण. १५ फेब्रुवारी सेवालाल महाराज, १९ फेब्रुवारी शिवाजी महाराज, १४ एप्रिल बाबासाहेब, १ जुलै वसंतराव नाईक, २९ ऑगस्ट लोकनायक अणे. जयंतीच्या आदल्या रात्री अग्निशमनचा बंब पाणी मारतो आणि ते पुरतं वाळायच्या आत आपण शिडी चढता. नळ कधी येईल ते येवो, पुतळा चकाकला की झालं.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, हे आपल्याला कुणी सांगितलं नसावं. त्यावर सावकाश चढणारा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो बसला की बहुतेक वेळा धातूलाच सांभाळतो. जाणकार असा पुतळा सौम्य साबणानं धुतात, कोरडा करतात आणि मेणाचा पातळ हात देतात. आपण ऑइल पेंट देता. पोपडे सुटतात, त्यांच्याखाली ओल धरते, की पुढच्या जयंतीला पुन्हा आपणच!

एका गावी आपलं काम जवळून पाहिलं. पापण्या बुजलेल्या, मिशीचे केस मिळून एक पट्टी झालेली, शिल्पकाराची सही सोन्यात गडप. रंगाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "सायेब सोनेरीच मार म्हणते. काळा दिसला का लोकं वरडते." त्याचं काय चुकलं? त्याला कामाचा हुकूम मिळाला होता, धातूची माहिती नव्हे.

नियम नाहीत असंही नाही. २ मे २०१७ चा शासन निर्णय पुतळा उभारण्याआधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता मागतो, पोलिसांचं ना हरकत मागतो, आणि देखभालीची जबाबदारी उभारणाऱ्या संस्थेवर टाकतो. बारशाचा थाट मोठा. देखभालीच्या त्या एका अटीवर मात्र पुढची पन्नास वर्षं निघायची असतात, आणि तिथूनच आपलं राज्य सुरू होतं.

मालवणचं आठवत असेल. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम विभागानं २० ऑगस्टलाच, पुतळा उभारणाऱ्या नौदलाकडे, पाठवलं होतं. कला संचालकांनी नंतर सांगितलं, आमच्याकडे नमुना सहा फुटांचा आला होता. पाहणी झाली, पत्र गेलं, जावक क्रमांकही पडला असेल. पुतळा तेवढा थांबला नाही. तिथे नगरपालिकेचा संबंध नव्हता, हे खरं. पण आपल्या चौकातल्या पुतळ्याच्या पोटातला लोखंडी सांगाडा शेवटचा कुणी पाहिला, हे आपण तरी सांगू शकाल का?

पालिकेला हे जमतच नाही म्हणावं तर मुंबई आडवी येते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्याच मालकीचं. २००३ मध्ये महापालिकेनं वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशनशी करार केला, जतनाचं काम जाणकारांच्या हाती दिलं. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार आला. आपल्याकडे मुंबईएवढा पैसा नाही, हे मान्य. मेणाला तेवढा लागतही नाही.

सबब, आपण स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. जाताना भांडारपालांकडे एक कोरी वही मागावी. पुतळ्यामागे एक पान : शिल्पकार कोण, साल कोणतं, धातू कोणता, शेवटचं कुणी काय लावलं. पावसाळ्याआधी एकदा धातूचा जाणकार येऊन त्या पानावर सही करील, एवढा ठराव सभेपुढे आणावा. आपल्या निरोप समारंभाला हार आम्ही आणू.

कळावे,
आपला,
एक करदाता

प्रत माहितीस्तव :
१. थिनरची बाटली
२. चार इंची ब्रश (यांना मुदतवाढ देऊ नये)