नानांचं सोवळं

नारायण पेठेत, वाडा पाडून बांधलेल्या एका इमारतीच्या जिन्याखाली नानांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरला एक पितळी मूठ बसवली आहे. आत बोट घालायच्या आधी ती धरावी लागते. न धरता कोणी उघड्या लॅपटॉपकडे हात नेला, की नाना "अं हं!" करतात. पारोशाने कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं, की त्यांची आजी अगदी हाच आवाज काढायची, असं घरचे सांगतात. मुठीची तार मागून अर्थिंगला गेली आहे. येता-येता रिक्षाच्या सीटवरून आणि रेक्झिनच्या बॅगेवरून आपण अंगात जी स्थिर वीज गोळा करून आणतो, ती तिथे सोडायची आणि मग तोंड उघडायचं.

आजीचं सोवळं म्हणजे लोकरीची धाबळी, नाहीतर रेशमी मुकटा. नानांच्या शास्त्रात नेमकी हीच दोन कापडं ओवळी. लोकर, रेशीम, नायलॉन, पॉलिएस्टर कशालाही घासलं की वीज धरतं. साधं सुती कापड त्या मानाने निर्मळ. म्हणून नाना बारा महिने सुती सदऱ्यात असतात. पुतण्याच्या मुंजीत त्यांना बळेच रेशमी सोवळं नेसवलं होतं. तेवढ्यात गल्लीतला कोणी विद्यार्थी बंद पडलेला लॅपटॉप घेऊन कार्यालयातच आला. नानांनी त्याला हात लावला नाही. घरी जाऊन हातपाय धुतले, मुंजीचं सोवळं सोडलं, लॅपटॉपचं नेसलं आणि मग दुकान उघडलं. पंगत चुकली ती चुकलीच.

कामाचा विधीही ठरलेला. आधी चार्जर काढायचा. मागचं झाकण उघडलं, की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलीसुरली वीज असेल ती निघून जाते. खाली निळी रबरी मॅट, तिची तार अर्थिंगला. डाव्या मनगटाला पट्टा. त्याची धातूची चकती थेट कातडीला टेकलेली हवी, बाहीवरून बांधला तर तो नुसता दागिना. या पट्ट्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोधक असतो, हे नाना प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागला, तरी त्या रोधकामुळे अंगातून जेमतेम पाव मिलिअँपिअर जातो. "पट्टा चिपेला वाचवतो, रोधक मला," असं ते म्हणतात. क्रम लक्षात घ्यावा: आधी चीप, मग नाना.

पट्टा बांधलाय हे ते स्वतः मात्र विसरतात. फोन वाजला, की तरातरा उठतात आणि तारेच्या हिसक्याने परत खुर्चीत बसतात. एकदा तर क्लिप सुटली आणि ते तार लोंबकळत मंडईत कोथिंबीर घ्यायला गेले. भाजीवालीने विचारलं, "नाना, दवाखान्यातून पळून आलात काय?"

त्यांचं आवडतं गणित असं: अंगातली वीज सुटताना माणसाला चटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे. काही नाजूक चिपांना शंभरसुद्धा पुष्कळ होतात. म्हणजे आपल्याला काहीच कळलं नाही आणि चीप गेली, असं होऊ शकतं. हे अगदी खरं आहे. पण नाना ते इतक्या दबक्या आवाजात सांगतात, की ऐकणारा आपल्या बोटांकडे संशयाने बघू लागतो. रॅमचा तुकडा कोणी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणला, तर नानांचा चेहरा पाहवत नाही. थर्माकोलच्या खोक्यातून आणला, तर ते आधी पाणी पितात. त्यांच्याकडे चंदेरी पिशव्यांचा साठा आहे. तुकडा पिशवीच्या आत ठेवायचा असतो. पिशवी पसरून तिच्यावर बोर्ड मांडणाऱ्यांना ते "वरून पांघरूण घेऊन थंडीत बाहेर झोपणारे" म्हणतात. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

जानेवारी त्यांचा वैरी. पुण्याची हवा दुपारी कोरडी ठक्क होते, स्वेटर काढताना चटचट वाजतं, आणि नाना शक्यतो अकराच्या आतच बोर्ड उघडतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा ही वीज साठू देत नाही, तेव्हा मात्र ते माणसात येतात. आषाढात गिऱ्हाइकाशी हस्तांदोलन करतात.

इमारतीच्या अर्थिंगवर त्यांचा विश्वास नव्हताच. मल्टिमीटर लावून पाहिलं, तेव्हा सॉकेटातलं वरचं जाड भोक निव्वळ शोभेचं निघालं. तार भिंतीत कुठेतरी संपलेली. मग नानांनी मागच्या बोळात स्वखर्चाने खड्डा खणला आणि तांब्याची पाटी, कोळसा, मीठ असं रीतसर पुरलं. जमीन ओली राहावी म्हणून उन्हाळाभर रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालतात. पहिल्या मजल्यावरच्या आजी हे बघत होत्या. त्यांनी तिथे एक फूल वाहायला सुरुवात केली. नानांनी हरकत घेतली नाही. फूल ओलं असतं.

आणि समोर तो पोरगा. अंगात पॉलिएस्टरची क्रिकेटची जर्सी, टेबलावर थर्माकोलचं झाकण, हातात वडापाव. त्याचं दुकान धडाक्यात चालतं आणि त्याने दुरुस्त केलेले लॅपटॉपही चालतात. नानांचं खरं दुखणं हे आहे. यावर त्यांचं उत्तर एकच: सगळ्या चिपा जागच्या जागी मरत नाहीत. काहींच्या आतला नॅनोमीटरांत मोजायचा थर नुसता जखमी होतो, आणि बिघाड सुप्त राहतो. "आज चालतोय ना? दिवाळीनंतर बघा." दिवाळीनंतर लॅपटॉप बंद पडला, तर नाना खरे. नाही पडला, तर पुढची दिवाळी आहेच. शास्त्र नानांच्या बाजूने आहे, पुरावा कोणाच्याच बाजूने नाही.

म्हणूनच की काय, त्यांच्या बिलात शेवटची एक ओळ असते: ‘काही न झाल्याबद्दल – ५० रु.’ बहुतेक लोक हसून देतात. परवा मात्र ऑडिटमध्ये हयात घालवलेले एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली.

"झालं काय होतं?"

"काहीच नाही."

"मग पैसे कसले?"

"होऊ दिलं नाही, त्याचे."

"बिघाड झाला असता तर मला दिसला असता?"

"लगेच नसता दिसला. सुप्त असतो तो."

गृहस्थांनी बाकीची रक्कम मोजून काउंटरवर ठेवली, लॅपटॉप बगलेत मारला आणि म्हणाले, "पन्नासही दिलेत. सुप्त आहेत. दिवाळीनंतर दिसतील."

नानांनी ती ओळ खोडली नाही. पट्ट्याच्या हाताने पेन उचललं आणि तिच्यापुढे ‘येणे’ असं लिहिलं.