गाडी मिसिंग मारतेय, नाना!

अहो नाना, जरा गडग्यापाशी या. तिकडून ओरडून विचारू नका, अख्ख्या आळीला कळतंय. कोल्हापूरला पोचलोच नाही आम्ही. साखरप्याहूनच परत.

तुम्हाला पहाटे आवाज वेगळा वाटला होता? मग तेव्हाच सांगायचंत की! चालू केली तीच थरथरत होती. आमच्या ह्यांचं म्हणणं, पावसाने गारठलीय, तापली की सुधारेल. हातखंब्याला पिवळी लाइट लागली, ती इंजिनाच्या चित्राची. पालीला मी म्हटलं, थांबूया. ऐकतील तर शपथ! साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि पिकअपच गेला. शिमग्यात पालखी नाचवताना चारांतला एक गडी लंगडायला लागला की पालखी कशी हिंदकळते, तशी गाडी हलत होती. आणि ती लाइट लुकलुकायला लागली. तेव्हा कुठे ह्यांनी बाजूला घेऊन बंद केली.

नुसती लागलेली आणि लुकलुकणारी यांत फरक असतो हो. साखरप्याहून मोटरसायकलवर आलेल्या मेकॅनिक पोराने तो नीट सांगितला. लागून राहिली तर सावकाश गॅरेजपर्यंत न्यायची. लुकलुकली तर पुढे रेटायची नाही, कारण एका सिलिंडरात पेट्रोल पेटतच नाही आणि ते कच्चंच सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. तिथे जाऊन पेटलं की आतली बारीक जाळी तापून वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असले धातू असतात. रोडियम सोन्याहून महाग! मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं.

दोरी लावून गाडी साखरप्याला ओढत नेली. हो हो, बॅटरीची वायर काढून ठेवली की लाइट जाते, ठाऊक आहे मला. तिथे चहाच्या टपरीवरचाही एक जण तेच सांगत होता. पण लाइटबरोबर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेला कोडही पुसला जातो. दुखणं तिथेच, आणि पोराला माग काढायला काही उरत नाही. त्याने आधी स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला. कोड आला पी-०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय.

इथेनॉल? मला माहीतच होतं, तुम्ही इथेनॉलवर येणार. वीस टक्के घालतात, ते पाणी ओढून घेतं, सगळं खरं. पण नाना, पेट्रोलात खोट असती तर चारही सिलिंडर कुरकुरले असते ना? टाकी तर एकच आहे! तेव्हा बहुतेक पी-०३०० आला असता, म्हणजे कधी हा, कधी तो, नक्की कुणी नाही. इथे दोन नंबरचाच हटून बसलेला. उंदीर म्हणाल तर पोराने वायरीही तपासल्या. कुठे कुरतडलेलं नव्हतं. तुम्ही दिलेली तंबाखूची पानं बॉनेटमध्ये तशीच होती, सुकून कोळसा झालेली.

आता पुढचं ऐका, मला तर फार आवडलं. दोन नंबरचा कोड आला म्हणून त्याने लगेच नवं काही विकत घ्यायला लावलं नाही. तुमच्या फियाटला चारांना मिळून एकच कॉइल होती, पावसात डिस्ट्रिब्युटरची कॅप भिजली की तुम्ही फडक्याने पुसत बसायचात. आमच्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल. पोराने दोन नंबरची काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर. कोड पुसला, गाडी चालू केली. कोड आला पी-०३०३! कॉइलबरोबर रोगही पलीकडे गेला, म्हणजे खोट कॉइलमध्येच. तो तिथेच राहिला असता तर पुढे प्लग बदलून बघितले असते, मग इंजेक्टर. अंदाजाने चारही प्लग, चारही कॉइली बदलून मोठं बिल हातात ठेवणारे कमी का आहेत? नावं नको घ्यायला, गडग्याला कान असतात.

नवी कॉइल रत्नागिरीहून एसटीच्या पार्सलने मागवली. तोवर पोरगा स्वस्थ बसला नाही. मला म्हणाला, काकू, ही कॉइल आपणहून मेलेली नाही. टॉर्च मारून बघितलं तर दोन नंबरचा प्लग बसतो त्या खड्ड्यात पाणी! कॉइलच्या स्प्रिंगवर हिरवट बुरा चढलेला, प्लगला गंज. नवी घातली असती तर तीही पुढच्या पावसात गेली असती. मग त्याने काचेखालची, वायपरजवळची काळी जाळी उचकटली. तिथे पाणी निघून जायला दोन्ही बाजूंना भोकं असतात. ती बुजलेली. पाणी तुंबून इंजिनावर ओघळत होतं.

कशाने बुजलेली, विचारा ना.

फणसाच्या पानांनी, नाना. पसाभर निघाली. जाड, चामड्यासारखी, कुजता कुजत नाहीत मेली. आणि आमच्या आवारात फणस नाही. आमची गाडी उभी असते तिथे वर जी फांदी आलीय, तिचा बुंधा गडग्याच्या तुमच्या बाजूला आहे.

तसं नाही हो, कॉइलचे पैसे कोण मागतंय? प्लग, कॉइल, ओढायची मजुरी, दिले ह्यांनी. गाडी आता देवघरात लावली तरी चालेल, इतकी शांत चालते. मी म्हणते फक्त ती एक फांदी.

कापा फणस आहे तो म्हणाल, बरका नाही, माहितेय मला. दर वर्षी त्या फांदीचे दोन आमच्याकडे येतात तेही कबूल. पण मग जाळी दर आठवड्याला कुणी साफ करायची?

गाडी पलीकडे माडाखाली लावू म्हणता? नाना! एक नारळ सुटला तर काचच जायची. थांबा, हे आलेच बघा अंघोळ करून. माडाखालचं तुम्हीच सांगा त्यांना, मी काही बोलत नाही.