माननीय बर्फसाहेबांस

प्रति,
मा. बर्फसाहेब,
मुक्काम पोस्ट: जिथे पडाल तिथे.

विषय: सिग्नल झाकण्याच्या कामी आपली गरज नसल्याबाबत.

महोदय,

करंजाहून सविनय नमस्कार. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलात आणि रस्ता संपेपर्यंत वळला नाहीत, तर आमच्या धक्क्यावर पोचाल. एका बाजूला द्रोणागिरी, समोर खाडी, पलीकडे रेवस. आपली-आमची ओळख नाही असं समजू नका. आभाळातून भुरभुरणाऱ्याला आणि लादी होऊन टेम्पोतून येणाऱ्याला आमच्याकडे एकच नाव, बर्फ. बोट निघण्याआधी तुमचा चुरा करून खणात भरतो, परत येताना पापलेट तुमच्याच कुशीत निजलेलं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेवढीच तुम्हाला सुट्टी.

पत्रास कारण की, परदेशात आपल्या नावाने बरीच ओरड चालते असं कळलं. पूर्वी तिकडच्या सिग्नलमध्ये शंभरेक वॉटचे बल्ब असत. उजेडापेक्षा उष्णताच जास्त, त्यामुळे काचेवर बसलात की तुमचं पाणी व्हायचं. मग एलईडी आले. दहा-पंधरा वॉटमध्ये तेवढाच उजेड, वीज वाचली, बिल उतरलं, सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. फक्त दिव्याचं तोंड थंड पडलं आणि तुम्ही त्यावर ठिय्या मांडलात. उन्हाची तिरीप अडवायला लावलेला छज्जाच तुम्हाला बसायला ओटा झाला. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत, इलिनॉयमधल्या ऑस्वेगोला, अशाच बर्फाने झाकलेल्या सिग्नलपाशी अपघात होऊन एका महिलेचा जीव गेला. इथे थट्टा थांबवतो. दिवा आत व्यवस्थित लागलेला होता. बाहेरून तो दिसत नव्हता, इतकंच.

त्यानंतर तिकडच्या लोकांनी काय काय केलं! वाऱ्यानेच बर्फ झटकला जाईल असे तिरपे छज्जे काढले, काचेत तापणाऱ्या तारा बसवल्या, लांब दांड्याचे ब्रश देऊन माणसं चौकाचौकात धाडली. शिवाय बऱ्याच राज्यांत नियमच आहे, की सिग्नल विझला तर चारही बाजूंच्या गाड्यांनी आधी पूर्ण थांबायचं, मग एकेकाने निघायचं. आमच्याकडेही सिग्नल बंद पडला की क्रम लागतो, पण तो चाकं मोजून. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आधी, मग डंपर, मग एसटी, शेवटी स्कूटरवर पाटी घेऊन बसलेली आमची मावशी. क्रम मोडायची हिंमत फक्त रिक्षावाल्यात असते.

तर साहेब, आमचं म्हणणं असं, की एवढ्याशा कामासाठी तुम्ही आभाळातून यायचे कष्ट घेता, ते आम्ही जमिनीवरून, घामाच्या धारांत, बारा महिने करतो. मी पनवेलला जातो त्या वाटेवर एक चौक आहे. नाव सांगत नाही, उगाच त्याला प्रसिद्धी नको. तिथल्या सिग्नलवर सर्वांत खाली ट्रेलरच्या धुळीचा थर. तो पावसाळ्यात धुपतो आणि दिवाळीपर्यंत पुन्हा बसतो. त्यावर गुलमोहराची फांदी. छज्ज्यात कावळ्याचं घरटं. आणि या सगळ्यांवर मुकुट म्हणून एका दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. दादांचा हात नेमका लाल दिव्यावर येतो, पुढे चला म्हणतोय असा. लोक जातात.

तुम्हाला वाटेल, कायदा नाही का? भरपूर आहे. फलकांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा आहे. शहरातल्या फांदीसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, म्हणजे ती तोडायची तर आधी परवानगी काढा. थोडक्यात, फ्लेक्स बेकायदा म्हणून कोणी हात लावत नाही आणि फांदी कायदेशीर म्हणून कोणी हात लावत नाही. घरट्याबद्दल विचारायला मीच धजावलो नाही.

तक्रार मात्र केली. एका खात्याने कळवलं, खांब आमचा, दिवा आमचा नाही. दुसऱ्याने कळवलं, दिवा आमचा, पण समोरची हवा आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणाहून मोबाइलवर निरोप आला: ‘सदर सिग्नल कार्यरत आहे. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ मी दिवा दिसत नाही म्हणालो होतो, त्यांनी दिवा लागतो म्हणून सांगितलं.

इथे आम्हा करंजेकरांचं डोकं जरा वेगळं चालतं. लाल-हिरव्याची सवय आम्हाला रस्त्याने लावलेली नाही, दर्याने लावली आहे. बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. अंधारात समोरून लालाखाली पांढरा दिसला तर समजायचं, कोणाची तरी जाळी पाण्यात आहेत. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळं ओढतोय, लांबून जा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत बाजूचा दिवा ११२.५ अंशांत दिसला पाहिजे असं लिहिलंय. बोट १२ मीटरच्या वर आणि ५० च्या आत असेल, तर दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. ‘लागला पाहिजे’ एवढ्यावर भागत नाही, ‘दिसला पाहिजे’ असं आहे. डोलकाठीवरच्या दिव्यापुढे जाळं वाळत टाकणाऱ्या खलाशाला तांडेल जे ऐकवतो, ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही. दर्यात दिवा समोरच्यासाठी असतो. रस्त्यावर आला की तो रजिस्टरसाठी होतो.

म्हणून आपणास एक विनंती. एकदा, फक्त एकदाच, त्या चौकात पडून जा. चार बोटं पडलात तरी पुरे. धूळ, फांदी आणि दादा यांनी सिग्नल झाकला तर ती निव्वळ गैरसोय. तुम्ही झाकला की नैसर्गिक आपत्ती! मग पंचनामा होईल, पाहणी दौरा निघेल, गरम काचांची निविदा निघेल, समिती शिमल्याला अभ्यासाला जाईल. परत येईतो तुम्ही वितळलेले असाल, पण त्या गडबडीत कोणीतरी शिडी आणून काच पुसेल. आम्हाला शिडी आणि फडकं एवढंच हवं आहे. तेवढ्यासाठी आपत्ती बोलवावी लागतेय, याची लाज वाटते, पण इलाज नाही.

येणं जमलं नाही तर राग नाही. धक्क्यावर लादीच्या रूपाने भेट होतेच.

आपला नम्र,
एक करंजेकर

ता. क. पाकीट बंद करण्याआधी त्या चौकातून जाऊन आलो. वाढदिवस होऊन महिना उलटल्यामुळे फ्लेक्स फाटून खाली आला आहे, फांदीही वाऱ्याने मोडली. तिन्ही दिवे आता लांबून स्वच्छ दिसतात. तिन्ही बंद आहेत.