फुकटच्या खोलीचं भाडं

"कुमुद, जास्वंदीला पाणी मग घाल. आधी इकडे कुंपणाशी ये. व्याह्यांची गंमत सांगायची राहिलीच."

"अमेरिकेतल्या, एडिसन गावच्या? काय झालं त्यांना?"

"व्हायचंय काय! डायमंड कार्डवाले आहेत ते. अटलांटिक सिटीच्या सीझर्स कॅसिनोचे. गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या असतात. विहीणबाईंचं आपलं चारचौघांत सुरूच, आम्हाला खोली फुकट, जेवण फुकट. म्हणून आम्हीही गेलो एकदा."

"शालूताई, तुम्ही कॅसिनोत?"

"मी नुसती बघत होते. ह्यांनी मात्र ऐंशी डॉलर घालवले. बोलू नकोस हं कुणाजवळ. अगं, कार्डाला वेटोळी दोरी असते. एक टोक शर्टाला, कार्ड मशीनच्या खाचेत. म्हातारेकोतारे ओळीनं बसलेले, दाव्याला बांधलेल्या म्हशींसारखे! किती लावलं, किती वेळ बसलात, सगळं मशीन टिपून घेतं."

"मग हरलं की त्यातलं परत देतात होय?"

"तिथंच गोम आहे. खरोखर हरलात की जिंकलात, ते बघून नाही देत. हिशेबानं किती हरायला हवं होतं, त्यावर खोली. जावयांनीच कागदावर मांडून दाखवलं. सख्ख्या बापाचा हिशेब, पण हसत हसत! समज, रूलेटवर दर वेळी १० डॉलर, तासाला ४० डाव, असे तीन तास. म्हणजे १,२०० डॉलर लावले. तिथल्या दोन शून्यांच्या चाकावर कॅसिनोचा वाटा सव्वापाच टक्के. तेव्हा हा माणूस ६३ डॉलर ठेवून जाणार, असं धरूनच चालतात. त्यातले वीसेक जेवणाखाण्यातून परत करायचे, की माणूस खूश."

"आणि त्या मशीनवर?"

"तिथं तर ५ डॉलर खेळलं की एक क्रेडिट, आणि १०० क्रेडिटचा एक डॉलर. ५०० खेळावेत तेव्हा एक हाती! मशीन शेकडा दहा गिळणारं असलं, तर तेवढ्यात पन्नास गेलेले."

"अगं बाई! कुणाच्या डोक्यातलं हे?"

"प्रोफेसरच्या. हार्वर्डचा गॅरी लव्हमन. १९९८ मध्ये हॅराज कंपनीत आला, तीच पुढे सीझर्स झाली. कार्डाची योजना आधीपासून होती, यानं त्यातले आकडे उपसले. तर २६ टक्के गिऱ्हाइकांकडून ८२ टक्के कमाई! आणि ही गिऱ्हाइकं कोण, तर मोठे शेठ नव्हेत. मास्तर, डॉक्टर, बँकवाले, बरेचसे निवृत्त. मग आमंत्रणंही त्यांनाच."

"पण व्याही तर इंजिनियर ना? त्यांना कळत नाही?"

"कळतं की. पण घरी दिवसभर कोण असतं बोलायला? मुलगा-सून कामावर. आमचीच लेक आहे, तरी खरं ते खरं. तिथं काउंटरवरची पोरगी कार्ड बघून नावानं हाक मारते. डायमंडवाल्यांची रांगही वेगळी. आमच्यासमोरून रांग मोडून पुढे गेले तेव्हा काय ऐट होती चेहऱ्यावर! लग्नात वरबाप म्हणूनही एवढे फुलले नव्हते. आणि हे टिकवायचं तर वर्षाला १५,००० क्रेडिट लागतात. वर्ष संपलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. डिसेंबरात थोडे कमी पडत होते, तर भर थंडीत गाडी काढून गेले."

"खेळायला?"

"कार्ड वाचवायला!"

"आमचा भाचा गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जातो, तोही म्हणतो, जेवण फुकट."

"प्रवेशाच्या तिकिटातच धरलेलं असतं ते. विचार त्याला."

"आणि विहीणबाई काही बोलत नाहीत?"

"त्या कसल्या बोलतायत! उलट मलाच म्हणाल्या, तुम्हीही कार्ड काढा, काढायला पैसे पडत नाहीत."

"काढलंत?"

"मी नाही गं. ह्यांनी काढलं. काल ईमेल आलीय, दोन रात्री मोफत म्हणून. सकाळपासून विमानाच्या तिकिटांचे भाव बघत बसलेत."