पारावरच्या किडनीतज्ज्ञांना खुले पत्र

रा. रा. तात्या यांस,



आपलं पूर्ण नाव लिहीत नाही. काटेवाडीत आपण मुख्य असलात तरी सणसर, भवानीनगर, लासुर्णे अशा सगळ्या पारांवर आपल्या शाखा आहेत, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. कुणाच्या हातात मेडिकलची पिशवी दिसली की आपण पट्टी बाहेर काढता, उलटीपालटी करता आणि निदान सांगता, "शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते बरं का." डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात म्हणे. आपलं एका चहात भागतं, तोही जास्त साखरेचा, कारण कारखाना शेजारीच.

आमच्या चुलत्यांनी आपला शब्द खाली पडू दिला नाही. त्यांची गोळी डापाग्लिफ्लोझिनची. पहिला पुरावा आपल्याला त्यांच्या मोरीत सापडला. लघवीला मुंग्या लागल्या, म्हणजे साखर वाढली, म्हणजे गोळी कुचकामी! तात्या, ती गोळी घेतात त्याचसाठी. किडनी रक्तातून गाळलेली साखर परत आत ओढून घेते. ही गोळी ते ओढणं अडवते, त्यामुळे साखर लघवीवाटे निघून जाते. सोबत थोडं मीठही जातं आणि किडनीच्या बारीक गाळण्यांवरचा दाब उतरतो. या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत आहे. १८३५ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्या सालीतून पहिला पदार्थ वेगळा केला. म्हणजे मूळ झाडपाल्याचंच, आपल्याला तर आवडायला हवं होतं.

दुसरा पुरावा रिपोर्टातला. गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं गाळणं मंदावलं की रक्तात चढतं ते) किंचित चढलं आणि आपण तो कागद भर पारावर वाचून दाखवलात. आता नीरा डाव्या कालव्याचं आपल्याला काय सांगायचं? पाणी जोरात सुटलं की भराव फुटतो. दार जरा खाली घेतलं तर टोकाच्या चारीला पाणी कमी दिसतं, पण कालवा वाचतो. किडनीचंही तसंच. दाब उतरल्यावर सुरुवातीला गाळणं थोडं मंदावतं, पुढे वर्षानुवर्षं झीज सावकाश होते. डॉक्टर तो आकडा पुन्हा तपासतात आणि फारच चढला तर कारण शोधतात. आपण थेट पट्टी कचऱ्यात टाकायला लावलीत.

२०२० साली याच गोळीची ४,३०४ किडनीच्या रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. किडनीचं काम निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटणं, ती निकामी होणं, किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू येणं, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. तिची बहीण एम्पाग्लिफ्लोझिन. २०१५ च्या चाचणीत तिने मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांचे हृदयाच्या आजाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले.

गंमत म्हणजे ही २०१५ ची चाचणी झाली ती संशयापोटी. रोसिग्लिटाझोन नावाच्या गोळीने हार्ट अटॅक वाढत असावेत, असं २००७ मध्ये पुढे आलं (भारतात तिच्यावर २०१० मध्ये बंदी आली). त्यानंतर अमेरिकी औषध नियामकाने मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधासाठी हृदय तपासून दाखवायची अट घातली. म्हणजे तीही माणसं आपल्यासारखीच शंकेखोर. फक्त शंका आल्यावर त्यांनी सात हजार रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, आपण मोरी पाहिलीत.

मधुमेहाच्या आठवड्याच्या इंजेक्शनला, म्हणजे सेमाग्लुटाइडला, आपण "सरड्याचं विष" म्हणता. अर्धे मार्क देतो. या जातीचं पहिलं औषध खरंच अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं. सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्याच आतड्यातल्या संप्रेरकावर बेतलेलं आहे. मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्यांमध्ये किडनीचे मोठे धोके त्याने २४ टक्क्यांनी कमी केल्याचं २०२४ मध्ये दिसलं. त्याने मळमळ होते, बंद केलं की वजन परत चढतं, हेही खरं. "श्रीमंतांचे चोचले" हा आपला जुना आक्षेप महाग इंजेक्शनांना लागू होता. गोळ्यांना आता नाही. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर साठेक रुपयांची एम्पाग्लिफ्लोझिन दहाच्या आत आली.

सांगण्यासारखं एक होतं, ते आपण कधीच सांगितलं नाही. उलट्या-जुलाब लागले, जेवण तुटलं तर ही डापाग्लिफ्लोझिनची गोळी डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवायची असते, नाहीतर अंगातलं पाणी कमी पडतं, रक्तात आम्ल साठतं आणि जिवावर बेततं. जननेंद्रियाला बुरशीचा त्रास होऊ शकतो, तेव्हा स्वच्छता हवी. काटेवाडीत तुकोबांची पालखी आली, मेंढ्यांचं रिंगण झालं, त्या गर्दीत गोळी घेणारे किती वारकरी आपल्या पारावर टेकले असतील! त्यांना आपण काय दिलंत? गुडघ्यांसाठी बंडीच्या खिशातली डायक्लोफिनॅक. रोज खाल्ली तर खरोखर किडनी खाणारी गोळी ती, तात्या. सोबत कुठल्याशा वैदूची बिनलेबलची पुडी, "साइड इफेक्ट नाही" या हमीसह.

चुलत्यांची किडनी आधीपासून झिजत होती ती साखरेने आणि बीपीने. सावकाश झिजते, आवाज करत नाही, म्हणून आळ सोयीस्करपणे गोळीवर जातो. आता ते आठवड्यातून तीनदा बारामतीला डायलिसिसला जातात, चार-चार तास. त्या खोलीत आपला सल्ला मानलेले आणखीही भेटतात. आपण मात्र अजून कुणाला भेटायला आला नाहीत.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणाची गोळी बंद करायला सांगाल, तेव्हा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, की या माणसाची किडनी गेल्यास माझी एक देईन. साक्षीदार पारावर भरपूर आहेत. रक्तगट तेवढा आठवणीने लिहा.

आपला,
चुलत्यांना डायलिसिसला ने-आण करणारा पुतण्या