युरोचे आठ भाव आणि आठशे रुपये

एका डॉलरला पावणेपाच रुपये हा भाव १९४९ पासून ६ जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत ज्या कारकुनांना तोंडपाठ होता, त्यांच्या आयुष्यात विनिमय-दर नावाची चिंता नव्हती. परदेशी मंडळींच्या बिलातून सरकारचा वाटा कापून ठेवताना त्यांना गुणाकारापलीकडे कोणतीही विद्या लागत नसे. पुढे डॉलर साडेसात रुपयांना झाला, १९९१ च्या जुलैत रुपया दोनदा खाली उतरला, आणि १९९३ पासून तर तो बाजाराच्या मर्जीने चालू लागला. चालत्या वस्तूवर कर बसवावयाचा तर तिला क्षणभर तरी उभी करणे प्राप्त आहे. तो क्षण कोणता, हे ठरविण्याचे कार्य आयकर नियमावलीतील २६ व्या नियमाने शिरावर घेतले, आणि हिशेबनिसांच्या निद्रेचा प्रश्न कायमचा निकालात काढला.

परकीय चलनात देय असलेल्या रकमेवर ज्या तारखेस कर कापणे आवश्यक ठरते, त्या तारखेचा स्टेट बँकेचा टी. टी. बाइंग रेट लावावा, असा या नियमाचा आशय. टी. टी. बाइंग म्हणजे तारेने आलेले चलन बँक आपल्याकडून ज्या भावाने विकत घेते तो भाव. आता परदेशी पैसे पाठविणारा मनुष्य बँकेला चलन विकत नसून बँकेकडून ते विकत घेत असतो, ही बाब नियमकर्त्यांच्या नजरेतून निसटली असेल असे समजणे हा त्यांचा अपमान होय. खरेदीचा भाव विक्रीच्या भावाहून कमीच असतो. म्हणजे येथे सरकारने आपलेच चार पैसे सोडून दिले आहेत, आणि एवढ्या औदार्यानंतर तो भाव कोणाच्याच प्रत्यक्ष व्यवहाराशी जुळू नये, ही तक्रार कृतघ्नपणाची आहे.

बँकेचे रोजचे दरपत्रक मी निरखून पाहिले आहे. एका ओळीत एक चलन, आणि त्यापुढे आठ आकडे: तारेची खरेदी आणि विक्री, बिलांची खरेदी आणि विक्री, प्रवासी कार्डाची खरेदी आणि विक्री, नोटांची खरेदी आणि विक्री. एकाच युरोची ही आठ रूपे. आपले खाते कोणत्याही खासगी बँकेत असो, युरो तेथूनच विकत घ्यावयाचा असो, कर मात्र या पत्रकातील एकाच रकान्याने ठरणार. आणि कर कापण्याची तारीख रविवारी आली म्हणजे आदल्या कामकाजाच्या दिवसाचे पत्रक धुंडाळीत सोमवारी सकाळी जी धावपळ उडते, ती ज्याने पाहिली नाही त्याला लेखाशाखेतील पुरुषार्थाची कल्पना यावयाची नाही.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात जर्मन यंत्र बसले, त्याच्या देखभालीसाठी तिकडच्या तंत्रज्ञांचे १०,००० युरोचे बिल आले, आणि ते २० फेब्रुवारीस खात्यावर चढले, असे समजा. रक्कम खात्यावर जमा होणे आणि प्रत्यक्ष अदा होणे, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कर कापावयाचा असतो. जर्मनीशी झालेल्या करारानुसार दर १० टक्के, म्हणजे १,००० युरो. त्या दिवशी बँकेची खरेदी ९० रुपयांना, म्हणून कर ९०,००० रुपये. ७ मार्चपर्यंत तो सरकारजमा करावयाचा, आणि तोवर युरो कितीही चढो वा पडो, ९०,००० चे ९०,००० च राहावयाचे. आमचा कायदा मुहूर्त पाळणारा आहे. एकदा अंतरपाट दूर झाला की नंतर आलेल्या वऱ्हाडाने मंगलाष्टके पुन्हा म्हणावयास लावू नयेत.

पण कारखान्याच्या पुस्तकांत तेच बिल ९० रुपये ८० पैसे या दराने ९,०८,००० रुपयांना चढलेले असते. त्यातून ९०,००० वजा केले की ८,१८,००० उरतात. देणे मात्र ९,००० युरोचे, म्हणजे ८,१७,२०० चे. हे मधले ८०० रुपये कोणाचे? जर्मन कंपनीचे नव्हेत, सरकारचे नव्हेत, कारखान्याचेही म्हणवत नाहीत. ते त्या खात्यात बेवारशासारखे बसून राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास आपली कैफियत ऐकवितात.

३१ मार्चला लेखामानकाच्या आज्ञेने तेच देणे त्या दिवशीच्या भावाने पुन्हा मोजले जाते. भाव ९१ रुपये ५० पैसे. जर्मन कंपनीच्या खात्यावर आणखी ५,५०० रुपये जमा. एप्रिलात प्रत्यक्ष पैसे पाठविताना बँक ९२ रुपये ४० पैशांनी युरो विकते. आणखी ८,१०० रुपये. येथे लेखापरीक्षक प्रवेश करतात.

“खात्यावर १३,६०० जमा दिसतात. यावर टीडीएस कुठे आहे?”

“साहेब, तो विनिमयातला तोटा आहे आमचा. त्यांना एक युरोसुद्धा जास्त गेलेला नाही.”

“तोटा असेल, पण जमा त्यांच्याच खात्यावर आहे ना?”

हिशेबनीस बरोबर होता. रुपया घसरल्याने परदेशी मंडळींच्या उत्पन्नात कवडीचीही भर पडत नाही. तथापि कर कापावयाचा राहून गेल्यास महिन्याला एक टक्का व्याज, तेही महिन्याचा तुकडा म्हणजे अख्खा महिना या हिशेबाने, हा धाक कोणत्याही युक्तिवादापेक्षा प्रभावी असल्यामुळे पत्रव्यवहार सुरू झाला, टिपणे झाली, त्या टिपणांवर शेरे झाले, आणि १,३६० रुपयांच्या संभाव्य कराच्या रक्षणार्थ एक जाडजूड फाईल जन्मास आली.

तिकडे जर्मनीत वेगळेच प्रकरण उद्भवले. त्यांच्या वहीत १,००० युरो कापलेले. आमच्याकडून गेलेल्या प्रमाणपत्रावर ९०,००० रुपये. त्यांच्या हिशेबनिसाने आपल्याकडील नियमाप्रमाणे ९२ चा भाव लावला, आणि ९७८ युरो २६ सेंट निघाले. उरलेले २१ युरो ७४ सेंट कोणी खाल्ले, अशी अत्यंत सभ्य भाषेतील विचारणा त्यांच्याकडून आली. कोणी खाल्ले नव्हते. फेब्रुवारी आणि एप्रिल यांच्या दरम्यान ते हवेत विरून गेले होते. पण ‘हवेत विरले’ असे लिहिण्यास योग्य रकाना कोणत्याच नमुन्यात नसल्याने, संबंध टिकवावे म्हणून कारखान्याने ते २१ युरो ७४ सेंट पदरचे पाठविण्याचे औदार्य दाखविले.

पाठविण्यापूर्वी सल्लागारांचा अभिप्राय मागविण्यात आला. ते म्हणाले, ही रक्कम म्हणजे तांत्रिक सेवेच्या मोबदल्यातील वाढच होय; सबब तिच्यावरही १० टक्के कर कापावा, दर खात्यावर जमा होण्याच्या दिवशीचा, स्टेट बँकेच्या त्याच रकान्यातील, आणि कापलेल्या २ युरो १७ सेंटांचे रुपयांतील प्रमाणपत्र जर्मनीस रवाना करावे. या अभिप्रायाबद्दल त्यांचे बिलही सोबतच आले होते, सुदैवाने रुपयांत.