खडकवैद्य

खाऱ्या पाण्याची टाकी घरात बाळगणाऱ्या शौकिनांना खडकवैद्याची ओळख करून देण्याची गरज नाही. टाकीतील दगडावर काहीतरी उगवले आहे आणि ते काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही, अशी वेळ आली की तो हजर होतो, सोफ्याकडे ढुंकूनही न पाहता टाकीपुढे उकिडवा बसतो, काचेला नाक टेकवतो आणि चहा निवेपर्यंत एक शब्द बोलत नाही. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत आढळणारा हा गृहस्थ बहुधा बँकेतून किंवा महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला असतो, लहानथोर सगळे त्याला 'काका' म्हणतात, आणि त्याच्या खिशात एक टॉर्च असतो, ज्याच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधलेला असतो. या टॉर्चचा उल्लेख पुढे वारंवार येणार आहे. त्याला इलाज नाही.

उगवण्याचे कारण दगडातच असते. या टाकीत समुद्राइतके खारे, म्हणजे किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारांचे पाणी भरले जाते आणि तळाशी 'लाइव्ह रॉक' रचला जातो. लाइव्ह रॉक म्हणजे मृत प्रवाळांच्या सांगाड्यांचा सच्छिद्र दगड, ज्याच्या भोकाभोकांत पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू राहतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली अशा दगडांवर चालणारी टाकी जगापुढे मांडली, तेव्हापासून शौकिनांचा यंत्रांवरचा भरवसा कमी झाला आणि दगडावरचा वाढला. परंतु दगड एकटा येत नाही. त्याच्या बिळांतून अळ्या, स्पंज, बोटाच्या पेरावर मावणारे तारामासे, गोगलगाई आणि शैवाले मुक्कामाला येतात, काही महिने दबा धरून राहतात, आणि मालकाने पाहुण्यांना टाकी दाखवण्यास आरंभ केला की नेमके समोरच्या बाजूला उगवतात.

मालक घाबरून विचारतो, "काका, हे काय आलंय? काढून टाकू का?" काका दीर्घकाळ पाहतात, मान हलवतात आणि म्हणतात, "रात्री लाल टॉर्च लावून पाहा."

या सल्ल्यामागे शास्त्र आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तांबडा प्रकाश पाण्याच्या वरच्या काही मीटरमध्येच शोषला जात असल्याने अनेक सागरी जीवांना तो नीट जाणवत नाही, आणि दिवसा बिळात लपलेले जीव अशा उजेडात निर्धास्तपणे बाहेर येतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका मत्स्यालयात २००९ साली प्रवाळ कुरतडले जात होते आणि चोर सापडत नव्हता. शेवटी दगड उपसले तेव्हा चार फुटांच्या आसपास लांबीचा किडा बाहेर आला. ही हकीकत काका इतक्या आपुलकीने सांगतात की तो किडा त्यांच्या नात्यातला वाटू लागतो, आणि सांगून झाल्यावर दरवेळी तेच भाष्य येते: "त्यांनी रात्री लाल टॉर्च लावून पाहिलं असतं, तर दगड उपसावे लागले नसते."

पार्ल्याच्या एका घरात दगडावर जांभळट गाठ वाढत होती. काकांनी मोबाइलवरचा फोटो पाहण्यास नकार दिला, कारण टाकीच्या निळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत आंबासुद्धा जांभळा दिसतो असे त्यांचे मत आहे. त्यांनी पांढरा दिवा लावण्यास, शेजारी मापासाठी पट्टी धरण्यास आणि गाठीला हात न लावण्यास सांगितले. मग रात्रीची जागरणे सुरू झाली. काका लाल उजेडात वहीत नोंदी करत, घरातील आजी त्यांना शंकराच्या देवळातला पुजारी समजून नमस्कार करून झोपायला जात, आणि गाठ मात्र हलत नसे. शेवटी असे निष्पन्न झाले की दगडाचे दोन तुकडे जोडताना मालकाने स्वतःच तिथे एपॉक्सीचा लगदा थापला होता आणि त्यावर कोरलाइन शैवाल, म्हणजे चुन्याचा कठीण थर चढवणारी गुलाबी-जांभळी वनस्पती, चढली होती. काकांनी वहीत लिहिले: "मूळ निर्जीव, आवरण सजीव. निरीक्षण चालू ठेवावे."

टॉर्चचा हा सिद्धांत टाकीपुरता मर्यादित राहिला असता तर सुसह्य ठरला असता. भाचीसाठी नागपूरचे स्थळ आले तेव्हा मुलगा दिवसा उत्तम दिसतो एवढ्याने समाधान मानू नये, असे काकांनी सुचवले आणि काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात बोलावून घेतले. पाठीवरचा तीळ डॉक्टरांनी भर दुपारी, एका नजरेत, निरुपद्रवी म्हणून निकाली काढला, याबद्दल ते अजूनही नाराज आहेत. सोसायटीच्या सभेत वरची टाकी पहाटेपर्यंत रिकामी कशी होते यावर तासभर वाद झाला तेव्हा त्यांचा सल्ला हशात बुडाला. परंतु सचिवांनी खरोखरच रात्री टॉर्च घेऊन गच्ची गाठली, तेव्हा अध्यक्षांच्याच जोडणीचा नळ वाहताना सापडला, आणि त्या वर्षी काकांना कार्यकारिणीत घेण्याचा प्रस्ताव अध्यक्षांनी फेटाळला.

त्यांचे टोचणारे दोष पुष्कळ आहेत, पण ज्या गोष्टीसाठी त्यांची सर्वाधिक टिंगल होते, त्या विलंबातच त्यांचे शहाणपण आहे. एप्टेशिया हे तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रपुष्प, म्हणजे फुलासारखा दिसणारा पण डंखधारी शुंडकांचा प्राणी, घाईने सुरीने खरवडले की त्याच्या तळव्याच्या तुकड्यातुकड्यातून नवे प्राणी उगवतात. उलट अननसाच्या आकाराचा इवलासा पांढरा स्पंज, ज्याला पाहून घरोघरी घबराट उडते, कोणाचे काहीही वाकडे करत नाही. आणि काचेवरची पांढरी वलये ही कुठल्या भयंकर प्राण्याची अंडी नसून इवल्या नळीकृमींची घरे असतात. उपाय, काकांच्या मते, ओळखीनंतरच शोधावा. एप्टेशियावर ते चुन्याचा घट्ट लगदा पिचकारीने सोडतात, किंवा बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय सोडण्यास सुचवतात, जी एप्टेशियाखेरीज काही खात नाही आणि काम फत्ते झाले की उपाशी मरते. हा शेवटचा भाग सांगताना काकांचा आवाज किंचित उतरतो.

घराण्याचा विचार केला तर काका एका जुन्या परंपरेचे वारस ठरतात. अॅना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला आणून जगवले, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या मोलकरणीला उघड्या खिडकीशी ते पाणी पुन्हापुन्हा ओतत बसावे लागे. त्या मोलकरणीचे मत कोणी नोंदवलेले नाही, पण काकू ते सहज सांगू शकतील. पुढे फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने ही आवड साथीसारखी पसरली, लोक जीव ओळखायला शिकले आणि ओळखलेले जीव बरण्यांत भरून नेऊ लागले, इतके की पुढे गॉस यांच्या मुलाने किनाऱ्यावरील खडकांतली डबकी उजाड झाल्याची खंत लिहून ठेवली.

काकांच्या स्वतःच्या टाकीत मासा नाही. तिथे इतरांच्या घरांतून हद्दपार झालेले जीव आहेत: कोणाकडून चिमट्याने उपटलेले एप्टेशिया, कोणी गटारात ओतणार होते ते काटेरी किडे, कोणाच्या प्रवाळावर बसला म्हणून दोषी ठरलेला तारामासा. प्रत्येकाची वहीत नोंद आहे, बऱ्याच नोंदींपुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि पाहुणे त्या टाकीकडे पाहून कौतुक काय करावे या पेचात पडतात. काकू म्हणतात, "ह्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही." ज्याची ओळख पटलेली नाही त्याला शिक्षा देऊ नये, एवढ्यासाठी निवृत्तिवेतनातून मीठ विकत घेणारा माणूस हास्यास्पद असतो, हे खरेच, पण असे हास्यास्पद लोक सोसायटीत फार उरलेले नाहीत.

दक्षिण मुंबईतील एका प्रशस्त घरी मात्र त्यांना टॉर्च काढावाच लागला नाही. दगडाच्या कडेला बोटाएवढ्या कठीण वाट्या उगवल्या होत्या, आणि काकांनी भर दिवसा, एका नजरेत सांगितले की हा दगडी प्रवाळ आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाच्या पंगतीचे स्थान आहे; २०२० मध्ये सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीचे असे प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही रीतसर परवानगी घ्यावी लागली होती. तेव्हा दगड कुठून आला, त्याची कागदपत्रे आहेत का, असे त्यांनी सौम्यपणे विचारले. मालकाने चहा मागवला, तो आला, निवला, आणि मग मालक म्हणाला, "काका, तुम्ही नेहमीसारखं रात्री पाहून सांगतो म्हणा ना." काका उठले. तिथे त्यांना पुन्हा बोलावणे आले नाही, आता त्या घरी टाकी पुरवणारा दुकानदारच येतो, जो काहीही उगवले तरी काचेकडे न पाहता सांगतो, "कुछ नहीं साहेब, जंगली है, चलता है."